आबांच्या डोळ्याच्या ट्रायलचं संमतीपत्र कन्नडमध्ये दिलंय, सही करावी का?

निपाणीकर_८४

नमस्कार मंडळी. जरा लांबडं होणार आहे, सांभाळून घ्या, घरात दुसरं कुणी विचारायला नाही म्हणून इथं लिहायलोय.

आमचे आबा ६३ वर्षांचे. शुगर सोळा वर्षांपासून, बीपीची गोळी सात-आठ वर्षं झाली. अडीच एकर रान, निम्म्यात तंबाखू निम्म्यात ऊस. दिवाळीपासून म्हणायले की उजव्या डोळ्यानं बघितलं की उसाची सरी मधेच वाकडी दिसायलीय, कडेला सरळ आणि मधी पोटात आल्यागत. आम्ही म्हटलं नंबर वाढला असंल, चष्मा बदलू. तर चष्मेवाल्यानंच सांगितलं की हे नंबरचं काम नव्हे, पडदा दाखवून घ्या, आणि आता वाटतंय त्या माणसाचे पाय धरावे. बेळगावला नेलं, थेंब टाकून बाहुली मोठी केली, ओसीटी म्हणजे पडद्याचा स्कॅन काढला. पडद्याच्या बरोब्बर मधल्या भागाला सूज हाय, जाडी ४६० मायक्रॉन. नजर ६/२४. डाव्या डोळ्यात पण सुरुवात हाय पण मधला भाग वाचलाय म्हणे.

डॉक्टर म्हणाले डोळ्यात इंजेक्शन घ्यावी लागतील, आधी दर महिन्याला एक असं चार-पाच तरी, मग बघून बघून. दर ऐकून आबा खुर्चीतनं उठलेच. मग त्यांनीच सांगितलं की इथं एक ट्रायल चालू हाय, एका नवीन इंजेक्शनची, चालू इंजेक्शनशी तुलना करायलेत, त्यात घेतलं तर वर्षभर इंजेक्शन, स्कॅन, रक्ताच्या टेस्ट सगळं फुकट आणि येण्याजाण्याचं भाडं पण मिळतं.

मग एका मॅडमनी १९ पानी कागद हातात दिला. एक प्रत इंग्रजीत, एक कन्नडमध्ये. मी म्हटलं मराठीत हाय का, आबा मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेत, पेपर रोज वाचतात, कन्नड बोलायला येतं पण वाचता येत नाही, रानाचा उतारा आला तरी तो मलाच वाचून दाखवावा लागतोय. तर त्या म्हणाल्या मराठी नाही, तुम्ही वाचून सांगा की त्यांना, सही करा, आज उपाशी आलाय तर लगेच रक्त घेऊ. मला कन्नड शाळेपुरतं येतं, बसचा बोर्ड आणि पंचायतीची नोटीस वाचतो, पण त्यातलं कन्नड असलं पुस्तकी की अर्धं माझ्या डोक्यावरनं गेलं. एका जागी 'नॉमिनीचं नाव आणि नातं' असा रकाना होता, तो बघून आई तिथंच बाकड्यावर रडायला लागली, म्हणजे माणूस मरतो का काय यात.

आम्ही सही न करता आलोय. त्यांनी आठ दिवसांत कळवा म्हटलंय. आता घरात दोन तट पडलेत. चुलते म्हणायलेत प्रयोगाला माणूस द्यायचा नाही. आई म्हणते फुकट मिळतंय तर डोळा वाचू दे. आबा काहीच बोलत नाहीत, एक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसतात.

कुणी ट्रायलमध्ये गेलंय का? आणि मराठीत कागद मागणं चुकीचं हाय का?

गडहिंग्लज_कडला

भावा, सही करू नको. नवीन औषध आपल्याच गरीब माणसावर का करायलेत, मोठ्या माणसावर का नाही? आंध्रात खम्मम जिल्ह्यात २००९-१० ला पोरींना लस टोचायचा प्रकार झाला, वसतिगृहाच्या वॉर्डननी पोरींच्या आई-बापांच्या जागी सह्या केल्या, नंतर संसदेच्या समितीनं ताशेरे ओढले. त्यांना पण कुणी नीट समजावून सांगितलं नव्हतं. तुझ्या आबांना न कळणारा कागद देऊन सही मागायलेत म्हणजे तोच प्रकार झाला. कर्ज काढ पण बाहेर इंजेक्शन घे.

खानापूर_ते_पुणे

मी मूळची खानापूर तालुक्यातली, पुण्यात क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे, नऊ वर्षं झाली, त्यातली सहा डोळ्यांच्या ट्रायल्सवरच. म्हणजे दादा, तुम्हाला जो कागद दिला तो पेशंटला समजावून सांगणं हेच माझं रोजचं काम. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे मराठीत मागणं अजिबात चुकीचं नाही. तुम्ही मेहेरबानी मागत नाही आहात. आपल्या देशात २०१९ चे नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायलचे नियम आहेत, त्यात स्पष्ट आहे की माहिती पेशंटला समजेल अशा भाषेत द्यायची. मुलाला समजेल अशा नव्हे, पेशंटला. आबांना मराठी वाचता येतं, मग त्यांच्या हातात मराठी कागद आला पाहिजे, त्यांनी तो घरी नेऊन चार दिवस वाचला पाहिजे, आणि सही त्यानंतर. 'तुम्ही वाचून सांगा' हे तर फारच चुकीचं आहे, कारण तुम्ही जे सांगाल ते बरोबर की चूक हे तपासणार कोण? ज्याला अजिबात वाचता येत नाही त्याच्यासाठी सुद्धा नियम असा की एक त्रयस्थ साक्षीदार, ज्याचा त्या ट्रायलशी संबंध नाही, तो पूर्ण वेळ समोर बसतो आणि शेवटी तोही सही करतो.

आणि भाषांतर म्हणजे कुणीतरी बसून खरडलेलं चालत नाही. मराठी प्रत हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीकडून (पेशंटच्या हक्कांवर लक्ष ठेवणारी समिती) मंजूर होऊन येते, तिच्यावर व्हर्जन नंबर आणि तारीख असते. बेळगावात मराठी पेशंट येणार हे आधी कळायला पाहिजे होतं, पण आता मागितलं तर त्यांना करावंच लागेल. कागदाच्या शेवटी एथिक्स कमिटीचा फोन नंबर असतोच, तो पेशंटसाठीच असतो, बिनधास्त लावा.

दुसरं, नॉमिनी. मावशींना सांगा हा रकाना प्रत्येक ट्रायलच्या संमतीपत्रात असतो, डोळ्याची असो नाहीतर खोकल्याची. पत्ता, शिक्षण, धंदा, वर्षाचं उत्पन्न, नॉमिनी. बँकेत एफडी करताना नॉमिनी लिहितो ना तसंच. ट्रायलमुळे काही झालं तर भरपाई कुणाला द्यायची हे ठरलेलं असावं म्हणून. मी दर आठवड्याला कुणाच्यातरी आईला हे सांगत असते, आणि हे सांगण्याआधी कागद पुढं सरकवायचा नसतो असं मी आमच्या नवीन मुलींना शिकवते.

गडहिंग्लजच्या भाऊंचा राग मला समजतो. खम्ममचं त्यांनी बरोबर सांगितलंय. पण त्यानंतरच सगळं बदललं, २०१३ ला सुप्रीम कोर्टानं सरकारला धारेवर धरलं, भरपाईचे नियम आले, काही ट्रायल्समध्ये संमती घेतानाचं व्हिडिओ शूटिंग सक्तीचं झालं. म्हणून ट्रायल म्हटलं की पळा असं मी म्हणणार नाही. नीट विचारा, मग ठरवा.

तिसरं, हे विचारा आणि उत्तर वहीत लिहून घ्या. ट्रायलचा सीटीआरआय नंबर काय? ही सरकारी नोंदवही २००७ पासून आहे, आणि २००९ च्या जूनपासून अशा नवीन औषधाच्या ट्रायलची नोंद पहिला पेशंट घ्यायच्या आधी करणं सक्तीचं आहे. नंबर टाकला की नेटवर कुणालाही दिसतं कुठलं औषध, कितवा फेज (म्हणजे चाचणीचा कितवा टप्पा), किती पेशंट, कुठली हॉस्पिटलं. मग विचारा की आबांना नवीन औषध मिळणार की चालू औषध हे कोण ठरवणार (डॉक्टर नव्हे, कम्प्युटर चिठ्ठी काढतो), आणि कुठल्या गटात नुसतं पाणी किंवा खोटं इंजेक्शन आहे का. तुमच्या वर्णनावरून दोन्ही गटांना खरं औषध दिसतंय, पण विचारा. मधेच सोडलं तर काय? याचं उत्तर 'कधीही सोडा, कारण सांगायची गरज नाही, पुढची ट्रीटमेंट अडवणार नाही' एवढंच असलं पाहिजे. ट्रायलमुळे डोळ्याला इजा झाली तर खर्च कुणाचा? त्यांचाच, इंजेक्शनचा असो की ऑपरेशनचा. आणि सही केलेली एक प्रत तुम्हाला मिळाली पाहिजे. ती न घेता तिथून उठू नका.

चिकोडीची_अक्का

माझी आई होती अशा ट्रायलमध्ये. बेळगावची नव्हे, दुसऱ्या गावची, नाव लिहीत नाही. तिला पण शुगरची सूज होती पडद्याला. खानापूरच्या ताई सांगतात ते 'खोटं इंजेक्शन' आईला मिळालेलं, म्हणून लिहावं वाटलं.

तिच्या ट्रायलमध्ये एका गटाला दर महिन्याला औषध आणि दुसऱ्या गटाला दोन महिन्यांनी एकदा. पण कुणाला कुठला गट हे कळू नये म्हणून मधल्या महिन्यात पण सगळं तसंच करायचे. टेबलावर झोपवायचं, बधिर करायचा थेंब, मग ते तपकिरी बीटाडीन डोळ्यात, पापण्या धरायला तारेची क्लिप, आणि मग सुई नसलेली सिरिंज नुसती डोळ्याच्या पांढऱ्या भागावर दाबायची. आईला काही कळायचं नाही. आधी हे मला फसवणूक वाटलं, पण कागदात आधीच लिहिलेलं होतं आणि तिथल्या सिस्टरनी सिरिंज हातात देऊन दाखवलेली, माझ्या अंगठ्यावर दाबून. आणि नजर तपासणारी मुलगी वेगळी, टोचणारे डॉक्टर वेगळे, तिला माहीतच नसायचं कुणाला काय मिळालंय. मी विचारलं का, तर म्हणाली मला माहीत असलं तर मी नकळत एखादं अक्षर जास्त वाचू देईन. ते मला पटलं.

आईला फरक पडला. सुईत दोरा ओवायला लागली नाही, तेवढा पडला नाही, पण तांदळातले खडे दिसायला लागले आणि दारातनं कोण येतंय ते ओळखायला लागली. मात्र वर्षभर फेऱ्या चुकवायच्या नाहीत हा त्रास मोठा आहे. लग्न असो, मयत असो, ठरल्या तारखेच्या दोन-चार दिवस इकडं तिकडं तेवढंच चालतं. तुमच्याकडं तंबाखूची काढणी आली, उसाला टोळी आली तर आबांना कोण नेणार हे आधी घरात ठरवा.

निपाणीकर_८४

अक्का, ताई, दोघींचे लई लई आभार. आईला वाचून दाखवलं, नॉमिनीचं ऐकून जरा शांत झाली.

एक विचारतो ताई. समजा ट्रायलला नाही म्हटलं, तर बाहेर स्वस्तातलं इंजेक्शन पण असतंय म्हणे, कॅन्सरचं औषध हाय ते डोळ्यात देतात. इथल्या एका मेडिकलवाल्यानं सांगितलं. ते घेऊन डोळा गेला तर? आणि गावातले म्हणायलेत नवीन ते नवीनच, जुन्यापेक्षा चांगलंच असणार, नाहीतर कंपनी एवढे पैसे कशाला घालंल.

खानापूर_ते_पुणे

स्वस्तातलं म्हणजे बेव्हासिझुमॅब. मूळ मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठीचं, एका मोठ्या बाटलीतनं निर्जंतुक जागी छोट्या छोट्या सिरिंज भरतात, म्हणून एका डोळ्याला स्वस्त पडतं. हे लपूनछपून चालणारं औषध नाही, जगभर वापरतात. यावर अमेरिकेत मोठी ट्रायल झाली, निकाल २०१५ ला आला, ६६० पेशंट, सगळे शुगरमुळे पडद्याला सूज आलेले, आबांसारखेच. तीन इंजेक्शनांची तुलना: अफ्लिबरसेप्ट, रॅनिबिझुमॅब आणि हे स्वस्त बेव्हासिझुमॅब. ज्यांची नजर सुरुवातीला बरी होती, म्हणजे ६/१२ किंवा त्याहून चांगली, त्यांच्यात तिन्ही सारखीच निघाली. ज्यांची ६/१५ किंवा त्याहून खाली गेलेली त्यांना पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्टनं जास्त फायदा झाला. आबांची ६/२४ म्हणजे ते दुसऱ्या गटात.

पण तेवढ्यावर थांबू नका. २०२२ ला त्याच मंडळींची अजून एक ट्रायल आली, ३१२ डोळे. निम्म्यांना थेट महागडं (अफ्लिबरसेप्ट), निम्म्यांना आधी स्वस्त आणि पुरेसा फरक पडला नाही तर मग महागडं. दोन वर्षांनी नजर दोन्हीकडं सारखी. स्वस्तवाल्यांतल्या सत्तर टक्के डोळ्यांना पुढं महागडं घ्यावं लागलं हे खरं, पण तीस टक्क्यांचं स्वस्तातच भागलं, आणि ज्यांनी आधी स्वस्त घेतलं त्यांचं नुकसान झालं नाही. म्हणजे ट्रायल नको असं ठरलं तरी 'आधी हे चालेल का' एवढं डॉक्टरांना विचारायला आबांना लाज वाटायची गरज नाही. कर्ज काढणं हा पहिला मार्ग नाही.

धोक्याचं विचारलंत. कुठलंही इंजेक्शन असो, डोळ्यात जंतू जाण्याचा धोका दोन-तीन हजार इंजेक्शनांत एखाद्याला. कमी आहे, पण झालं तर डोळा जाऊ शकतो. इंजेक्शननंतरच्या आठवड्यात डोळा लाल, ठणका वाढत जाणारा आणि नजर अंधुक झाली तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री निघायचं. हे ट्रायलमध्येही तसंच आणि बाहेरही तसंच.

नवीन ते चांगलं का, यावर माझ्यापेक्षा शेतीवाल्यांनी सांगितलं तर बरं, उसाच्या पट्ट्यातलं डोळ्याचं सगळ्यात मोठं उदाहरण त्यांच्याच घरात असतं.

संकेश्वर_पाटील

ताईंनी बोलावलं म्हणून लिहितो. माझ्या थोरल्या भावाचं सांगतो, सहा वर्षांपूर्वीचं. ऊस सोलताना पात्याची कड डाव्या डोळ्याला लागली. जरा खुपलं, पाण्यानं धुतलं, कामाला लागला. दोन दिवसांनी लाल. मेडिकलमधनं थेंबाची बाटली आणली, त्यात स्टेरॉइड होतं हे आम्हाला काय ठाऊक, घातलं की दोन तास बरं वाटायचं आणि परत वाढायचं. आठव्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका, कडेला पिसासारखा. मिरजेला नेला तर डॉक्टर बघताक्षणी म्हणाले बुरशी. पानावर असते ती बुरशी, जखमेतनं आत जाते, आणि वरनं स्टेरॉइड घातलं की तिला रानच मोकळं.

नाटामायसिन म्हणून एक दुधासारखं पांढरं औषध, बाटली हलवून दर तासाला एक थेंब, रात्री पण. वहिनी आणि मी पाळी लावून जागायचो, मोबाइलला गजर. मी नेटवर वाचलेलं की वोरिकोनाझोल म्हणून नवीन औषध आलंय, महाग आहे पण आत खोलवर मुरतं. डॉक्टरांना म्हटलं तेच द्या, पैशाचं बघतो. ते म्हणाले थांब, यावर ट्रायल झाली आहे आणि आपल्याच माणसांवर झाली आहे. दक्षिणेत अरविंद नावाच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलांत ३२३ जणांवर, निकाल २०१३ ला आला. निम्म्यांना नवीन, निम्म्यांना हे जुनं पांढरं. सगळ्यांना वाटलेलं नवीन जिंकंल. जिंकलं जुनं. नवीनवाल्यांत बुबुळाला भोक पडणं, बुबुळ बदलावं लागणं जास्त निघालं, म्हणून नवीन औषधाच्या गटात पेशंट घेणंच मधे थांबवलं. ती ट्रायल झाली नसती तर मी पैसे मोजून भावाच्या डोळ्याचं वाटोळं केलं असतं. त्यात ज्यांच्या चिठ्ठीत नवीन औषध आलं आणि डोळा गेला त्या माणसांचं मला अजून वाटतं, कोण कुठले ते, पण त्यांच्यामुळं माझ्या भावाला बरोबर औषध मिळालं.

भावाचा डोळा राहिला, बुबुळावर फूल आहे, नजर निम्मी. अजून एक सांगून ठेवतो कारण आता तोडणीचा हंगाम आहे. नेपाळमध्ये भक्तपूरला एक अभ्यास झाला, २००१ साली छापून आला. गावातल्याच लोकांना शिकवलं की डोळ्याला खरचटलं की लगेच क्लोरॅमफेनिकॉलचं मलम दिवसातनं तीनदा, तीन दिवस. ज्या २८४ जणांना १८ तासांच्या आत मलम लागलं त्यातल्या एकालाही जखम चिघळली नाही. एक दिवस उलटून गेल्यावर आलेले ४९ होते, त्यातल्या १४ जणांना चिघळली. एक रात्र मधे गेली की एवढा फरक. म्हणून पाला लागला की त्याच दिवशी डॉक्टर, आणि मेडिकलमधनं स्वतःच्या मनानं थेंब आणायचे नाहीत.

गडहिंग्लज_कडला

पाटील, हे मला माहीत नव्हतं. माझं 'सही करूच नको' जरा घाईत लिहिलं गेलं. पण मराठी कागद मिळाल्याशिवाय करू नये यावर मी ठाम आहे.

खानापूर_ते_पुणे

त्यावर मीही ठाम आहे, भाऊ.

आणि पाटील दादांनी लिहिलं त्याला जोडून एक, आबांच्याच आजारातलं. सत्तरच्या दशकात अमेरिकेत शुगरच्या डोळ्यांवर लेझरची पहिली मोठी ट्रायल झाली. सतराशेच्या वर पेशंट. प्रत्येकाच्या एका डोळ्याला लेझर आणि दुसऱ्याला काही नाही, कुठला डोळा ते चिठ्ठीवर. एकाच माणसाचे दोन डोळे, एक वाचतोय आणि एक जातोय. १९७६ ला आकडे बघितले तर लेझरवाल्या डोळ्यांत आंधळेपण निम्म्याहून कमी झालेलं, तेव्हा ट्रायल चालवणाऱ्यांनी नियम बदलला आणि राहिलेल्या डोळ्यांनाही लेझर द्यायला सुरुवात केली. आज बेळगावात, कोल्हापुरात कुणाला वेळेत लेझर मिळतं ते त्यामुळे. मी नवीन पेशंटला हे सांगते, सही करावी म्हणून नव्हे, तर आपण कशात जातोय ते कळावं म्हणून. यात गेलेल्या माणसाच्या डोळ्याचं खरंच काहीतरी पणाला असतं. म्हणून तर त्याला ते त्याच्या भाषेत कळलं पाहिजे.

निपाणीकर_८४

मंडळी, काल परत जाऊन आलो बेळगावला. काय झालं ते सांगतो.

सहा वाजताच्या लाल बसनं गेलो, आबा आणि मी. आबांनी ताईंचे प्रश्न स्वतःच्या हातानं वहीत उतरवून घेतलेले, मोठ्या अक्षरात, डाव्या डोळ्यानं लिहून. त्या दिवशीच्या मॅडम नव्हत्या, दुसऱ्या एक होत्या, कन्नड बोलणाऱ्या, हुबळीकडच्या. मी आधी जरा आवाज चढवूनच म्हटलं की मराठी कागद पाहिजे. त्या म्हणाल्या बरोबर आहे तुमचं, तो आधीच व्हायला पाहिजे होता. मराठी प्रत तयार होती म्हणे पण एथिक्स कमिटीची मंजुरी यायची होती, येत्या बैठकीत होईल, दोन आठवडे लागतील. आणि मंजूर नसलेली प्रत मी देणार नाही असं पण त्यांनीच सांगितलं. मग आबांकडं वळून मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाल्या, आजोबा, मी वाचून सांगते ते समजा पण सही नको आज. अर्धा पाऊण तास बसल्या. सीटीआरआय नंबर दिला, मी तिथंच मोबाइलवर काढून बघितला, फेज ३ हाय, दोन्ही गटांना खरं औषध, खोटं इंजेक्शन नाही.

आबांनी वहीतला शेवटचा प्रश्न विचारला, तो ताईंनी दिलेला नव्हता, त्यांचा स्वतःचा होता. म्हणाले, मी यात आलो आणि नवीन औषध माझ्या डोळ्याला लागू पडलं, तर वर्ष संपल्यावर ते मला कोण देणार? मॅडम गप्प झाल्या जरा. मग म्हणाल्या, लिहून द्यावं असं उत्तर माझ्याकडं नाही, डॉक्टरांना विचारून सांगते. डॉक्टर आले, म्हणाले ट्रायल संपली की ते औषध बाजारात येईपर्यंत मिळेलच असं नाही, तेव्हा चालू इंजेक्शनवर यावं लागेल, आणि ते पैशानंच. आबा म्हणाले खरं सांगितलंत, बरं वाटलं.

आता अडचण अशी हाय. डॉक्टर म्हणाले दोन आठवडे थांबलं तर चालेल, त्यापेक्षा जास्त नको. पण मधल्या काळात बाहेरचं इंजेक्शन घेतलं तर ट्रायलमध्ये घेता येणार नाही, पुढं तीन महिने तरी. थांबायचं ठरवलंय. डोळ्यापुढं एकदम काळे ठिपके, जाळं किंवा पडदा आल्यागत झालं तर ट्रायल बिट्रायल सोडून लगेच यायचं असं सांगितलंय. तोवर शुगर आणि बीपी सांभाळा म्हणाले, आईनं आजपासनं चहातली साखर बंद केली.

मराठी कागद आला की आबा वाचणार, मग ठरवणार. चुलत्यांना पण सांगितलं, वाचून झाल्यावर बोला. पुढच्या गुरुवारनंतर बोलावतील, पहिल्या वेळी आबा उपाशीच गेलते आणि बसमध्ये घाम फुटलेला, यावेळी पण उपाशी न्यायचं का?

चिकोडीची_अक्का

फोन करून विचारा, त्यांनी उपाशी या असं स्पष्ट सांगितलं नसेल तर अजिबात नको. भाकरी खाऊन, शुगर-बीपीची गोळी वेळेवर घेऊन निघा. बाहुली मोठी करतील, उन्हात डोळा उघडवत नाही, आईला मी टोपी आणि काळा गॉगल द्यायचे. पिशवीत दोन बिस्किटं ठेवा. आणि आबांची वही विसरू नका.

खानापूर_ते_पुणे

आबांचा तो शेवटचा प्रश्न मी माझ्या यादीत लिहून घेतलाय. मराठी प्रत हातात आली की व्हर्जन आणि तारीख बघा, आणि काही अडलं तर इथं टाका, कुठलंही वाक्य असो, मी सोप्या मराठीत सांगते.